पोथीतले शब्द घरच्या बोलण्यात

वारकरी मंडळींपैकी पुष्कळांचा ज्ञानेश्वरी पारायणाचा नेम असतो. नऊ हजारांच्या आसपास ओव्या दरसाल मुखातून जातात, आणि पोथी बासनात बांधली की आपले बोलणे पुन्हा पाचपन्नास शब्दांवर येते. भाजी छान, कीर्तन छान, नातू छान, दर्शनही छानच झाले! घरात एवढे भांडार, आणि लेकरांच्या तोंडी ही उपासमार. आम्हाला याची चिंता वाटते ती केवळ भाषेच्या हौसेने नव्हे. जो शब्द घरात कोणी बोलत नाही, तो हळूहळू पोथीतही मुका होतो. नातू ओवी वाचतो खरा, पण ती त्याच्याशी बोलत नाही.

'जिव्हाळा' हा शब्द घ्या. आज आपण तो आपुलकी या अर्थी वापरतो. जुन्या मराठीत विहिरीच्या तळाशी जो जिवंत झरा लागतो, त्यालाही जिव्हाळा म्हणत. नखाखालच्या नाजूक जागेलाही तेच नाव. म्हणून तर बोलणे 'जिव्हाळी लागते'. हे ठाऊक झाले की 'त्यांच्या घरी जिव्हाळा आहे' असे म्हणताना डोळ्यांपुढे पाणी येते, आणि हा झरा आटूही शकतो याचे भानही येते. दुसरा शब्द 'पैस'. नेवाशाला ज्या खांबाशी ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याला लोक पैसाचा खांब म्हणतात. कित्येकांना वाटते की तेथे पैसे ठेवीत असावेत! पैस म्हणजे ऐसपैस मोकळी जागा, विस्तार. 1970 साली दुर्गाबाई भागवतांनी आपल्या पुस्तकाला हेच एका शब्दाचे नाव दिले. आणि विठ्ठलाला 'कानडा' का म्हणतात? एक अर्थ कर्नाटकाचा, दुसरा कळण्यास अवघड. एका शब्दात दोन अर्थ नांदतात, त्याला श्लेष म्हणावे.

आता अलंकारांकडे वळू. नाव ऐकूनच कोणी म्हणेल, अहो, हे शास्त्रीबुवांचे काम. पण वारीत चालणारा प्रत्येक जण अलंकारच बोलत असतो. 'माउलीसारखे' म्हटले तर उपमा झाली. आपण तसे म्हणत नाही. पुढच्याला, मागच्याला, पाणी देणाऱ्याला, वाट अडवणाऱ्यालाही सरळ 'माउली' म्हणतो. 'सारखे' गळून पडले आणि दोघे एक झाले, हे रूपक. त्याचे सामर्थ्य असे की 'माउली, जरा वाट द्या' म्हटल्यावर मागून धक्का देता येत नाही. हात आपोआप मागे येतो.

नाथांची भारुडे म्हणजे लांबवलेली रूपकेच. विंचवाचे नाव घेऊन कामक्रोधाचे विष उतरवायचे. नामदेवराय आणि तुकोबा देवाशी भांडतात, त्याला नावे ठेवतात, आणि त्या निंदेच्या पोटात स्तुती असते, ही व्याजस्तुती. आमच्याकडच्या आज्या नातवाला 'काय मेला द्वाड आहे' म्हणून कुरवाळतात, त्यात निराळे काय आहे?

घरात सर्वांत उपयोगी पडतो तो दृष्टान्त. मुलाला 'आळशी आहेस' म्हटले की तो तोंड फिरवतो. 'कोनाड्यात ठेवलेला विळा गंजतो रे, तसेच माणसाचे' म्हटले तर ऐकून घेतो. 'तसेच माणसाचे' हेही गाळून नुसत्या विळ्याची गोष्ट केली, तर ती अन्योक्ती. लेकी बोले सुने लागे. मात्र ही अन्योक्ती सुनेवर धरली की सुरीसारखी कापते, म्हणून ती जपून वापरावी. सासूबाईंनी तर फारच जपून!

आणखी एक. अवघड शब्द विद्वत्ता दाखवायला वापरू नये. सर्वांना कळते तेथे जुना शब्द कोंबणारा कीर्तनकार आम्हाला रुचत नाही. माउलींनी गीता मराठीत आणली ती कळावी म्हणून. सहाव्या अध्यायात मराठीला अमृताच्याही वर बसवले, तो व्यतिरेक अलंकार त्या प्रेमातून आला आहे.

आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मासाचा नेम धरावा. रोज वाचनात अडलेला एक शब्द वहीत लिहावा. अर्थ आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावा, मग सार्थ प्रतीत पाहावा, आणि त्याच दिवशी तो एकदा तरी बोलण्यात आणावा. 'नावेक थांबा, पिठले उतरवते' असे कोणी म्हटले तर शेजारीण हसेल, हसू द्या. चौथ्या दिवशी तीही म्हणेल. पहिल्या आठवड्यासाठी सात शब्द देतो: नावेक म्हणजे क्षणभर, अळुमाळ म्हणजे किंचित, थोकडे म्हणजे थोडके, वाड म्हणजे मोठे, वोखटे म्हणजे वाईट, गोमटे म्हणजे सुंदर आणि पढियंता म्हणजे लाडका. हा शेवटचा नातवासाठी राखून ठेवावा.