अंजिराचा माळी आणि आपली काळी
(शास्त्रपाठ : लूक 13:6-9)

निष्फळ अंजिराचा दाखला आमच्या उपदेशक बंधूंनी पुष्कळ वेळा सांगितला असेल. त्याचा मुख्य अर्थ पश्चात्तापाचा, ह्यात संशय नाही. तथापि नांदेड व लातूरकडील आमच्या खेड्यांतील मंडळ्या बहुतेक शेतावर पोट भरणाऱ्या. तेव्हा माळ्याने धन्याजवळ नेमके काय मागितले, इकडे आम्ही लक्ष देऊ इच्छितो. त्याने एक वर्ष मागितले, आणि झाडाभोवती खणून खत घालण्याचे पत्करले.

आपली काळी चिकण व ओल धरणारी. उन्हाळ्यात पडलेल्या भेगांतून मृगाचे पहिले पाणी खोल उतरते. पण माती फुगून भेगा मिटल्या की पुढील पाणी वरची सुपीक माती घेऊन ओढ्यास मिळते. उतारास आडवी नांगरट व आडवी पेरणी करावी, ह्या उपायास पैसा लागत नाही. तरी कितीएक जण तो करीत नाहीत.

खताची गोष्ट अधिक दुःखाची. सोयाबीन जमिनीस पोसते, असे आमचे लोक म्हणतात. मुळांच्या गाठी हवेतील नत्र धरतात हे खरे. परंतु त्याचा मोठा भाग दाण्याबरोबर बाजारात जातो, आणि भुसकट पुष्कळदा पेटविले जाते. शेण गोवऱ्यांत जाते. 2016 साली लातूरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, त्या दुष्काळात तर अनेकांची जनावरेच विकली गेली. थोड्या शेणात पुष्कळ खत करण्याची रीत आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड ह्यांनी इंदूरास बसविली व 1931 साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेण, त्यावर गोठ्यातील मूत्र मुरलेली माती, असे थर रचावे. ओल राखावी, दोनतीनदा उलथावे. सुमारे तीन महिन्यांत खत होते. उघडा उकिरडा मात्र उन्हापावसाने निःसत्त्व होतो.

ठोक्याने शेत करणारा म्हणेल, "पुढल्या साली हे शेत माझ्याकडे राहील की नाही कोण जाणे, परक्याच्या मातीत मी खत का घालू?" ही तक्रार खोटी नव्हे. शेणखताचा गुण दोनतीन हंगाम पुरतो, ठोका एका वर्षाचा. पण दाखल्यातील माळीही धनी नव्हता. त्याने आधी मुदत मागितली. म्हणून पाडव्यास ठोके ठरण्यापूर्वी उपदेशकाने अशा बांधवाबरोबर शेतमालकाकडे जावे, आणि तीन वर्षांची बोली होते का पाहावे. झाल्यास ती कागदावर घ्यावी, व शेत सोडताना बांध आणि माती कशी असावी हेही त्यात लिहावे.