तुषार संचाचे नोझल : भोक लहान, कारभार मोठा



तुषार संच म्हणजे आपले स्प्रिंकलर. लागणीनंतर उगवणीचे पाणी देताना, पाचट ठेवलेल्या खोडव्यात सरीतून पाणी पुढे सरकत नाही तेव्हा, किंवा उसात हरभरा-भुईमुगासारखे आंतरपीक घेतले असताना या संचाचा चांगला उपयोग होतो. मोठ्या बांधणीनंतर ऊस डोक्यावर गेला की लहान स्प्रिंकलरचे काम संपते. तिथून पुढे ठिबक किंवा सरी. पण पहिले तीन-चार महिने हाच संच उगवण ठरवतो, आणि उगवणीवरच पुढचा एकरी उतारा ठरतो.

शेतावर फिरताना एक तक्रार नेहमी कानी येते. "साहेब, स्प्रिंकलर तर गरागरा फिरतोय, मग लागणीत तुटाळी का पडली?" याचे उत्तर असे की, स्प्रिंकलर फिरणे वेगळे आणि रान सारखे भिजणे वेगळे. फिरताना तो डोळ्यांना दिसतो, पण कुठे किती पाणी पडले ते दिसत नाही. त्यासाठी या यंत्राची रचना समजून घेतली पाहिजे. रचना समजली की पुष्कळशा चुका आपोआप टळतात.

रचना कशी असते?

टक-टक आवाज करत फिरणारा हा स्प्रिंकलर एका शेतकऱ्याच्याच डोक्यातून निघाला. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात ग्लेंडोरा या गावी ऑर्टन एंगलहार्ट नावाचे संत्री-लिंबाचे बागायतदार होते. त्यांनी १९३३ मध्ये तो तयार केला व १९३५ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. मूळ कल्पना आजही तीच आहे.

रायझरच्या आट्यावर एक बुश बसतो. त्या बुशात स्प्रिंकलरचे धड फिरते. मध्ये वायसर असतात. ते पाणी गळू देत नाहीत आणि धड सहज फिरू देतात. धडाला तिरके नोझल असते, जमिनीशी साधारण २३ ते २७ अंशाचा कोन करून. या कोनात धार लांब जाते. धडाच्या वर एक दांडी असते. तिच्या टोकाला चमचा व मुळाशी स्प्रिंग.

नोझलमधून निघालेली धार चमच्यावर आदळते आणि दांडीला बाजूला फेकते. तेवढ्यात स्प्रिंग ताणली जाते व दांडीला परत ओढते. परत येताना दांडी धडावर ठोका देते, आणि त्या ठोक्याने धड थोडेसे सरकते. पुन्हा धार, पुन्हा फेक, पुन्हा ठोका. असे करत लहान स्प्रिंकलर साधारण मिनिटाला एक फेरा किंवा त्याहून थोडे हळू फिरतो. गरागरा फिरणारा स्प्रिंकलर चांगला, ही समजूत चुकीची आहे. फार जोरात फिरला तर धार मागे वाकते आणि पाणी लांब पोचत नाही. म्हणून स्प्रिंग पिळून किंवा चमचा वाकवून वेग वाढवू नये.

काही स्प्रिंकलरना दोन नोझल असतात. पुढचे मोठे नोझल लांबचे रान भिजवते, मागचे लहान नोझल जवळचे. पाणी वाचवायचे म्हणून मागचे नोझल खुंटी मारून बंद केलेले काही ठिकाणी दिसते. असे केले की स्प्रिंकलरच्या जवळचा भाग कोरडा राहतो.

भोकाचा हिशेब

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. नोझलमधून किती पाणी पडेल हे दोनच गोष्टींवर ठरते : भोक केवढे आणि पाण्याला दाब किती.

भोकाचा व्यास वाढला की पाणी व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. साडेचार मि.मी.चे भोक पाच मि.मी. झाले, तर वाढ डोळ्यांना जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची दिसते. पण दाब तोच राहिला तर पाणी २३ टक्क्यांनी जास्त जाते.

दाबाचे गणित याच्या उलट आहे. पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. दाब निम्म्यावर आला तरी पाणी निम्मे होत नाही, सुमारे ७१ टक्के राहते. म्हणून दाब कमी झालेला चटकन कळत नाही. पाणी तर पडतच असते. पण पडण्याची तऱ्हा बिघडते. पुरेसा दाब असला की धार हवेत फुटते आणि लहान-मोठे थेंब जवळ व लांब सारखे पसरतात. दाब कमी पडला की धार फुटत नाही. जाड थेंब एका ठराविक अंतरावर बांगडीसारखे पडतात आणि मधला भाग कोरडा राहतो. शिवाय जाड थेंबांच्या माऱ्याने काळ्या रानावर खपली धरते व कोंब वर यायला त्रास होतो. दाब फारच जास्त झाला तर पाण्याचे धुके होऊन वाऱ्याने उडते. लहान स्प्रिंकलरसाठी नोझलजवळ सामान्यतः २ ते ३.५ किलो दाब चालतो. नेमका आकडा बनवणाऱ्याच्या तक्त्यात पाहावा.

आपला पंप किती स्प्रिंकलर चालवील?

एक उदाहरण घेऊ. नोझल साडेचार मि.मी., दाब अडीच किलो. या दाबाला एका नोझलमधून सेकंदाला सुमारे ०.३३ लिटर पाणी जाते. १२ मीटर × १२ मीटर अंतरावर संच मांडला तर एका स्प्रिंकलरच्या वाट्याला १४४ चौरस मीटर रान येते आणि तासाला सुमारे ८ मि.मी. पाऊस पडतो.

एक किलो दाब म्हणजे १० मीटर उंच पाण्याचा भार. म्हणजे नोझलसाठी अडीच किलो हवे तर २५ मीटर. त्यात विहिरीची उचल, चढ आणि रायझर मिळून १० मीटर व पाईपमधील घर्षणाचे १० मीटर धरू. एकूण हेड ४५ मीटर. पाच एच.पी. पंपाची कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर या हेडला तो सेकंदाला सुमारे ५ लिटर पाणी देईल. म्हणजे पंधरा स्प्रिंकलर एका वेळी चालतील, आणि सुमारे २१ गुंठे रान एका मांडणीत भिजेल. चार तास चालवले तर ३३ मि.मी. पाणी बसेल.

इथे दोन ठिकाणी घोटाळा होतो.

पहिला घोटाळा पंपाचा. पाटाने पाणी देण्यासाठी घेतलेला पंप कमी हेडचा आणि जास्त पाण्याचा असतो. पाच एच.पी. असला तरी त्याचे हेड वीस-बावीस मीटरच असेल, तर नोझलजवळ दाब येणारच नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पंपाच्या पाटीवर हेड लिहिलेले असते. संच घेण्याआधी ते वाचावे.

दुसरा घोटाळा नोझलचा. धार पडेल झाली, बांगडी पडू लागली की काही जण नोझलमध्ये खिळा किंवा ड्रिल घालून भोक मोठे करतात. वाटते की, आता पाणी जोरात येईल. होते उलटेच. वरच्या उदाहरणात सगळी नोझल पाच मि.मी.ची केली तर त्याच दाबाला पंधरा स्प्रिंकलरना सेकंदाला सव्वासहा लिटरच्या आसपास पाणी लागेल. त्यासाठी सहा एच.पी.हून जास्त ताकद हवी. पाच एच.पी.चा पंप ती कुठून आणणार? पाणी थोडे वाढते, दाब खाली येतो, मोटारीवरचा भार वाढून ती गरम होते, आणि बांगडी आणखी ठळक पडते. दुखणे दाबाचे होते, इलाज मात्र भोकावर केला!

खरा इलाज असा : एका वेळी चालणाऱ्या स्प्रिंकलरची संख्या कमी करा. पंधराऐवजी बारा चालवून पाहा. तेवढ्याने भागत नसेल तर तक्ता पाहून लहान भोकाची नोझल बसवा. तरीही दाब येत नसेल तर पंपच या कामाचा नाही असे समजावे.

झीज आणि सरमिसळ

खिळा न घालताही भोक मोठे होते. कालव्याच्या किंवा नदीच्या पाण्यात बारीक वाळू असते. ती हजारो तास नोझलमधून जाते व भोक खाते. ही झीज ओळखण्याची सोपी युक्ती आहे. नोझलवर लिहिलेल्या मापाचे नवे ड्रिल बिट घ्यावे आणि त्याचा मागचा गुळगुळीत दांडा भोकात घालून पाहावा. तो घट्ट बसला तर नोझल ठीक. डुगडुगला तर नोझल बदलावे. ड्रिलचे कापणारे टोक चुकूनही आत घालू नये. भोक बुजले तर बारीक काडीने किंवा फुंकून साफ करावे, तारेने कोरू नये.

एका लाईनवर वेगवेगळ्या मापांची नोझल लावू नयेत. शेजाऱ्याकडून दोन, बाजारातून चार असे करून संच पुरा केला की कुठे साडेतीन, कुठे पाच असे होते आणि पाऊसही तसाच पडतो. नवीन स्प्रिंकलर घेताना भारतीय मानक १२२३२ प्रमाणे आय.एस.आय. शिक्का आहे का ते बघावे.

फिरताना अडकला म्हणून स्प्रिंकलरला तेल किंवा ग्रीस लावू नये. त्यातले पाणीच वंगणाचे काम करते. ग्रीसला वाळू चिकटते, वायसर लवकर झिजतात आणि स्प्रिंकलर अधिकच अडकतो. खोलून स्वच्छ पाण्याने धुवावा. वायसर गेले असतील तर नवे घालावेत. रायझर ओळंब्यात उभा आहे ना, तेही पाहावे. रायझर कलला की एका बाजूची धार जमिनीत घुसते आणि दुसरीकडची आभाळात जाते.

डब्यांची परीक्षा

हे सगळे नीट आहे की नाही, हे घरचे डबे सांगतात. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठातील क्रिस्टियनसेन यांनी १९४२ मध्ये सारखेपणा मोजण्याची एक रीत मांडली. जगभर आजही ती वापरतात, आणि ती आपल्याला बांधावर करता येते.

एकाच मापाचे, सरळ काठाचे नऊ डबे घ्या. चार स्प्रिंकलरच्या मधल्या १२ × १२ मीटर चौकोनात तीन ओळींत तीन-तीन ठेवा. पहिला डबा कडेपासून २ मीटरवर, पुढचे चार-चार मीटरवर. शेजारचे सगळे स्प्रिंकलर एकत्र दोन तास चालवा. मग प्रत्येक डब्यातले पाणी फूटपट्टीने मि.मी.मध्ये मोजा.

समजा आकडे असे आले : २०, १८, १६, १६, १२, १४, १८, १६, १४. बेरीज १४४, सरासरी १६. आता प्रत्येक आकडा सरासरीपासून किती लांब आहे ते काढा : ४, २, ०, ०, ४, २, २, ०, २. बेरीज १६. १६ ला १४४ ने भागून १०० ने गुणा. ११ आले. १०० मधून ११ वजा, सारखेपणा ८९ टक्के. ८५ च्या आसपास किंवा वर असेल तर संच उत्तम.

दुसऱ्या रानात आकडे असे आले : २६, २४, १८, १२, ६, १०, १८, १६, १४. बेरीज १४४ आणि सरासरी १६ च. विजेचे बिल तेच, पाणी तेच. पण फरकांची बेरीज ४४, म्हणून सारखेपणा फक्त ६९ टक्के. एका डब्यात २६ आणि दुसऱ्यात ६, म्हणजे चौपटीहून अधिक फरक. जिथे ६ मि.मी. पडले तिथली टिपरी सुकणार. जिथे २६ पडले तिथे वाफसा येणार नाही आणि डोळा कुजणार. तुटाळी पडतात त्या इथे. मग नांग्या भरायला बेणे आणि मजूर, आणि भरलेला ऊस मागास राहतो तो वेगळाच.

परीक्षा शक्यतो वारा पडलेला असताना, पहाटे किंवा रात्री घ्यावी. पाणीही तेव्हाच द्यावे. आपल्याकडे वीज बऱ्याचदा रात्रीच येते, त्याचा एवढा तरी फायदा घेऊ. वारा नेहमीच असेल तर स्प्रिंकलरमधले अंतर कमी करावे. शांत हवेत भिजणाऱ्या वर्तुळाच्या व्यासाच्या निम्म्याहून जास्त अंतर ठेवू नये. एका लाईनच्या पहिल्या व शेवटच्या स्प्रिंकलरच्या दाबात वीस टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. तेवढ्या फरकात पाण्याचा फरक सुमारे दहा टक्के राहतो, तो चालतो.

तेव्हा येत्या लागणीपूर्वी प्रत्येक संचधारक सभासदाने एवढे करावे : पंपाची पाटी वाचावी, सगळी नोझल काढून एका मापाची आहेत का बघावीत, ड्रिलच्या दांड्याने झीज तपासावी आणि डब्यांची परीक्षा घ्यावी. आकडेमोड जमत नसेल तर नऊ आकडे कागदावर लिहून आपल्या गट ऑफिसातील शेती मदतनीसाकडे द्यावेत. हिशेब तिथे करून मिळेल. अर्ध्या दिवसाचे काम आहे. पण त्यावर बेणे, वीज आणि वर्षभराची मेहनत अवलंबून आहे.

— ऊस विकास अधिकारी