उपघटक ४.३ : ‘जुळणे’ आणि ‘ओळख पटणे’

साधा कॅमेरा केवळ चित्रण साठवतो. विश्लेषण करणारी संगणकप्रणाली मात्र त्या चित्रणातून बेवारस वस्तू, प्रतिबंधित क्षेत्रातील वावर किंवा एखादा चेहरा निवडून सूचना देते. गुन्हा घडण्यापूर्वीच सावध होता यावे, हा तिचा हेतू. चेहऱ्याच्या बाबतीत ती दोन प्रतिमांतील साम्य अंकांत मोजते. माणूस ओळखत नाही.

हा भेद भाषेत कसा दिसतो, ते पाहा.

(१) दोन छायाचित्रे जुळली.
(२) पोलिसांना संशयिताची ओळख पटली.

‘जुळणे’ या क्रियापदाला अनुभव घेणारा माणूस लागत नाही. ‘पटणे’ या क्रियापदाला तो लागतो. ‘पोलिसांना’ हे चतुर्थी विभक्तीतील पद तोच दर्शवते. ‘कॅमेऱ्यामुळे ओळख पटली’ या वाक्यात हे पद गळते आणि ओळख कोणाला पटली, हे अनुक्त राहते.

प्रश्न केवळ व्याकरणाचा नाही. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात २०१८ साली झालेल्या घड्याळचोरीचे अंधूक चित्रण एका निरपराध माणसाच्या वाहनपरवान्यावरील छायाचित्राशी जुळले. जानेवारी २०२० मध्ये त्याला घरासमोर, पत्नी व मुलींच्या देखत अटक झाली. सुमारे ३० तास तो कोठडीत होता. २०२४ मधील तडजोडीनुसार तेथील पोलिसांना केवळ अशा जुळणीवरून अटक करता येत नाही.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
वृत्तपत्रातून ‘ओळख पटली’ असे एक वाक्य निवडा. कोणाला व कशावरून पटली, हे त्यात सांगितले आहे का? नसल्यास वाक्याची पुनर्रचना करा.