पावती फाडल्यावर

परवा तू लॅपटॉप उघडून मला वसतिगृहासाठी देणग्या मिळवण्याचा तुझा सगळा आराखडा दाखवलास. रंगीत चौकोन, बाण, देणगीदार कुठून येतो आणि कुठे गळतो ते दाखवणारं नरसाळं. मी शेवटपर्यंत नीट पाहिलं. त्यात चूक काही नाही, तू शिकलीसच ते. पण त्या नरसाळ्यात माणसाचं गाव नव्हतं, त्याचं पीक नव्हतं, घरातलं दुखणंखुपणं नव्हतं. सव्वीस वर्षं मी वसतिगृहाचा खजिना सांभाळला. शाळा सुटली की आळेफाट्यावर वर्गणीला फिरायचे. त्यातून जे कळलं ते तुला सांगते. मोबाइलवर ते कसं उतरवायचं, ते तुझं तू बघ.

आधी एकदा लिलावाच्या दिवशी मार्केटला जा. कांदा विकला गेला की शेतकरी आडतीवर जातो आणि हातात पट्टी घेतो. ती तो कशी वाचतो ते जवळ उभी राहून बघ. गोण्या किती, वजन किती, भाव काय बसला, हमाली, तोलाई, मोटारभाडं, आणि सगळ्यात खाली हातात पडणारी रक्कम. ओळीखाली बोट ठेवून वाचतो. हमालीत दहा रुपये इकडचे तिकडे झाले तर तिथल्या तिथे विचारतो, आणि विचारलं म्हणून कुणाला राग येत नाही. आता हाच माणूस आपल्याला पाचशे रुपये देतो, तेव्हा आपण त्याच्या हातात काय देतो? एक पावती. वर संस्थेचं नाव, मधे 'देणगी रु. ५००', खाली सही. दहा रुपये हमाली कुठे गेली ते त्याला ठाऊक असतं. आपले पाचशे कुठे गेले ते त्याला कधीच कळत नाही.

हे माझ्या ध्यानात यायला सहा वर्षं गेली. मग आम्ही पोस्टकार्डावर पट्टी लिहायला लागलो. मार्च संपला की प्रत्येकाला एक कार्ड: तुमच्या पाचशेतले इतके ज्वारीला, इतके वह्यांना, इतके दिव्याच्या बिलाला, उरले अकरा, ते तेलाच्या डब्यात घातले. मुली ही कार्डं स्वतः लिहायच्या. अक्षर वेडंवाकडं असायचं, कधी ऱ्हस्व-दीर्घ चुकायचं, पण मी ते दुरुस्त करून दिलं नाही. बेल्ह्याच्या एका किराणा दुकानात आमचं कार्ड गल्ल्यामागे टाचणीने लावलेलं मी स्वतः पाहिलं. त्या दुकानदाराकडे मला पुन्हा कधी मागायला जावं लागलं नाही.

आणि त्या पट्टीत वजावट लपवू नकोस. ऑडिटरची फी, ऑफिसचं भाडं, तुझा स्वतःचा पगार, सगळं लिही. 'तुमचा शंभर टक्के पैसा मुलांपर्यंत' असं छापणाऱ्या संस्था मला पटत नाहीत. मुलांपर्यंत भाकरी पोचवायला ती थापणारी बाई लागते आणि तिला पगार लागतो. हमालीशिवाय गोणी हलत नाही हे आपल्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मागायची वेळ दुसरी गोष्ट. तुझ्या आराखड्यात दर पंधरा दिवसांनी एक आवाहन आहे. अगं, मृगाच्या तोंडाला शेतकऱ्याच्या खिशात बियाणं आणि खत सोडून दुसऱ्या कशाला जागा नसते. त्या दिवसांत त्याला मागितलंस तर नाही म्हणताना तो ओशाळतो आणि पुढच्या वेळी तुला टाळतो. चाळीतला उन्हाळी कांदा भाव बघून निघतो, तेव्हा जा. गोणीभर कांदा देतो म्हणाला तर घे, वजन करून पावतीवर लिही. नोकरदार मार्चमध्ये कराचा विचार करतो. आपले मुंबईकर चैत्रात गावच्या जत्रेला येतात. डबे पोचवणारे, माथाडी, टॅक्सीवाले, आता बँकेत आणि आयटीत असणारी त्यांची पोरं, सगळे दोन दिवस गावात असतात. त्या दोन दिवसांत पैसे मागू नकोस. त्यांना वसतिगृहात जेवायला बोलाव. मुलांच्या पंगतीत बसून जेवलेला माणूस मुंबईला परत गेल्यावर स्वतःहून फोन करतो.

पुण्यात २००५ पासून पितृपक्षात 'देणे समाजाचे' नावाचं प्रदर्शन भरतं. वीणा गोखले यांनी ते सुरू केलं. संस्थांचे कार्यकर्ते टेबलामागे बसतात आणि पुणेकर येऊन समोरासमोर विचारतात. लोक आपल्या गेलेल्या माणसांची आठवण काढतात तोच पंधरवडा त्यांनी निवडला, यातच त्यांची जाण दिसते. आईच्या नावाने काही करावं असं मनात असलेल्या माणसाला तिथे रस्ता सापडतो. तू एकदा तिथे नुसती ऐकायला जा. लोक काय विचारतात ते लिहून आण. त्या प्रश्नांतून तुझं माहितीपत्रक तयार होईल.

आता फोटोचं सांगते. हे मला अजून टोचतं. आम्ही एका वर्षी पत्रक छापलं. पहिल्या पानावर एका मुलाचा फोटो, डोळे भरलेले, खाली मोठ्या अक्षरात 'अनाथ'. देणग्या चांगल्या आल्या. पंधरा-सोळा वर्षांनी तो मुलगा माझ्या दारात आला. शिकून नोकरीला लागला होता, हातात पेढे होते. चहा झाल्यावर खिशातून ते पत्रक काढलं, घडीवर झिजलेलं. म्हणाला, "बाई, मी अनाथ नव्हतो. माझी आई ऊसतोडीला जायची. तिने हे पाहिलं होतं." माझ्यापाशी उत्तर नव्हतं. मी त्याची माफी मागितली आणि तो गेल्यावर उरलेली सगळी पत्रकं चुलीत घातली. आता तर कायदाच आहे: बाल न्याय अधिनियम २०१५, कलम ७४. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काही छापायचं नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण कायदा नसता तरी हे करू नकोस. हात दाखव, वही दाखव, दारात ओळीने ठेवलेल्या चपला दाखव. रील करायचीय ना? पहाटे पाच वाजता परातीत पीठ मळलं जातं, त्याचा तीस सेकंदांचा आवाज लोकांना ऐकव. वर रडकं संगीत लावू नकोस.

मागताना आकडा नेमका हवा. इतिहास शिकवताना मी दरवर्षी पोरांना लेण्याद्रीला न्यायचे, म्हणून हे माझ्या डोक्यात बसलंय. आपल्या जुन्नरच्या लेण्यांत दानाच्या पावत्या दगडात कोरलेल्या आहेत. धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या श्रेणीने काय दिलं? सात खोल्यांचं लेणं आणि एक टाकं. इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिली. चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. लेण्याद्रीचं चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताने दिलं. ही जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीची माणसं. परदेशातून आलेल्या माणसाला या डोंगरात पाण्याचं टाकं द्यावंसं वाटलं आणि घेणाऱ्यांनी त्याचं नाव आणि त्याची वस्तू शेजारीशेजारी लिहून ठेवली. 'सर्वांगीण विकासासाठी सढळ हाताने मदत करा' असं तिथे कुठे लिहिलेलं नाही. तूही तसंच माग. मुलींच्या न्हाणीघराला दार हवंय, इतके रुपये. पाण्याची टाकी हवीय, इतके लिटरची, इतके रुपये. दार बसलं की त्या दाराचा फोटो ज्याने पैसे दिले त्याला त्याच आठवड्यात पाठव.

क्यूआर कोड जरूर लाव, भाजीवालीच्या गाडीवरही आहे. पण त्यातून आलेला माणूस हरवतो, हे लक्षात ठेव. बँकेच्या उताऱ्यात एक नाव उमटतं, तेही बऱ्याचदा अर्धं, आणि १०१ रुपये. कोण होता, कुठला, का दिले, काही कळत नाही. म्हणून कोडच्या खाली ठळक लिही: पैसे पाठवल्यावर या नंबरवर नाव आणि गाव कळवा, पावती पाठवतो. आणि जो कळवेल त्याला दिवस मावळायच्या आत उत्तर दे. यंत्राचं उत्तर नको, तुझ्या आवाजात. 'मी वसतिगृहातून बोलतेय, तुमचे १०१ मिळाले' एवढं पुरे.

व्हॉट्सॲपवर देणगीदारांचा ग्रुप करू नकोस. एकाचा नंबर दुसऱ्याला दिसतो, ते त्यांनी तुला दिलेल्या विश्वासात बसत नाही. ब्रॉडकास्ट यादी कर. तिची गंमत अशी की तुझा नंबर ज्याने आपल्या फोनमध्ये जपून ठेवलाय त्यालाच निरोप पोचतो. म्हणजे आपल्याला खरंच किती माणसं जोडलेली आहेत, हे तुला कुठल्याही आलेखापेक्षा तिथे कळेल. रोज सुप्रभात पाठवू नकोस. वर्षात चार निरोप पुरेत, त्यातले तीन नुसते सांगायचे, एकात मागायचं.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. देणगीवरच्या करसवलतीची, म्हणजे ८०जी ची, नोंदणी चालू ठेव. दोन हजारांवर रोख दिली तर त्या रकमेवर करसवलत मिळत नाही, हे पैसे घेण्याआधीच सांग. नव्या कर पद्धतीत ही सवलतच नाही, तेही सांग. देणगीदाराचा पॅन नंबर लागेल, तो वेळेत घे आणि प्रमाणपत्र वेळेत दे. त्यासाठी माणसाला तीनदा फोन करावा लागला तर चौथा फोन तो करत नाही.

चाकण-रांजणगावच्या कंपन्यांकडे तुझा ओढा आहे, तो मला कळतो. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्चायला लावलेत. तो पैसा घे, इमारतीला घे. पण रोजची भाकरी त्यावर टाकू नकोस. साहेब बदलला, प्रकल्पाची मुदत संपली, की आपल्या मुलांची भूक थांबत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, पुढे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांसाठी अंगावरचे दागिने मोडले आणि गावोगावच्या घरांतून मूठमूठ धान्य आलं. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागितला. त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, तळेगावला, काचेचा कारखाना उभा राहिला. मूठ आणि पैसा देणारा माणूस त्या कामाला 'आपलं' म्हणायला लागतो. कंपनीचा धनादेश कितीही मोठा असला तरी त्याच्यामागे हे 'आपलं' येत नाही.

एसटी स्टँडबाहेर एक आजी शेंगा विकायच्या. दर संक्रांतीला ५१ रुपये द्यायच्या, सुटी नाणी, रुमालात बांधून. एका वर्षी आल्या नाहीत. मी पत्ता काढत घरी गेले, तर खाटेवर पडून होत्या. मला बघून त्यांना वाटलं मी वर्गणीला आलेय, आणि त्या उशाखाली चाचपायला लागल्या. मी त्यांचा हात धरून बसले, बोलले, निघून आले. वहीत त्यांच्या नावापुढे रकमेच्या रकान्यात लिहिलं: 'अर्धांग, उजवी बाजू. मुलगा ठाण्याला. भेटून आले.' तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये असं लिहायला रकाना नसेल तर एक करून घे. आणि त्याला कुलूप ठेव, ती माहिती तुझ्यापाशी ठेवायला दिलेली आहे.

ती वही माझ्या कपाटात वरच्या फळीवर आहे, लाल कापडी पुठ्ठ्याची. येत्या रविवारी येऊन घेऊन जा. जी माणसं गेली त्यांच्या नावापुढे मी तारीख घातली आहे. बाकीच्यांना संक्रांतीच्या आधी एकेक करून फोन कर, तब्येत विचार, मुलं कुठवर शिकली ते सांग. या फेरीत पैशाचा विषय काढू नकोस.