लेकराचा हात कधी सोडायचा? मुलं आणि ऑनलाइन गेम



या अंकाचा पाठ मोबाईलवरच्या गेमबद्दल आहे. ज्या गटात वाचणारी एकच ताई आहे, तिथे तिने बैठकीत मोठ्याने वाचावा. हा विषय मी निवडला, कारण त्यात माझी स्वतःची एक चूक आहे. ती आधी सांगते.

गेल्या पावसाळ्यात काठी परिसरातल्या एका गटाच्या बैठकीत एका ताईने विचारलं, “मॅडम, पोरगा तेरा वर्षांचा आहे. सारखा गेम खेळतो. खेळू देऊ की नको?” मला पुढच्या गावी जायची घाई होती. मी म्हणाले, “डिलीट करून टाका ताई, विषय संपला.” ताईने घरी जाऊन तसंच केलं.

विषय संपला नव्हता. पोरगा संध्याकाळी टेकडीवर जायला लागला. तिथे रेंज मिळते, मोठी पोरं बसतात. त्यांच्या मोबाईलवर खेळायचा. खेळात ओळख झालेल्या एकाने त्याला सांगितलं, “थोडे पैसे पाठव, तुला भारी ड्रेस आणि बंदूक मिळवून देतो.” ताईला वाचता येत नाही, म्हणून यूपीआयचा पिन पोरगाच दाबायचा. त्याने आईच्या मोबाईलवरून पाच वेळा थोडे थोडे पैसे पाठवले. गटाच्या हप्त्यासाठी ठेवलेले २,३५० रुपये गेले. ड्रेस आला नाही, बंदूकही नाही.

पोराला दोन दिवसांतच कळलं होतं की आपण फसलो. पण त्याने तीन आठवडे घरात कोणाला सांगितलं नाही. का? कारण पैशाचं सांगायचं तर आधी “मी गेम खेळतो” हे सांगावं लागलं असतं, आणि गेमला तर बंदी होती. बंदीने खेळ थांबला नाही, पोराचं सांगणं तेवढं थांबलं. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

म्हणून आता घाई न करता बोलू. मूल असे खेळ खेळायला तयार झालं, हे आईने ओळखायचं कसं?

हा खेळ आहे तरी काय?

मोबाईलवर दोन प्रकारचे खेळ असतात. एक, ज्यात मूल एकटंच मोबाईलशी खेळतं. नेट बंद केलं तरी यातले बरेच खेळ चालतात. दुसरा, ज्यात एकाच वेळी खूप माणसं नेटवरून खेळतात. पोरं ज्याला बीजीएमआय म्हणतात, त्या खेळाच्या एका मोठ्या डावात १०० जण उतरतात. चार-चार जणांची टोळी असते. माईक सुरू ठेवून एकमेकांशी बोलता येतं. टोळीत आपल्या गावचं पोरगं असेल, तसा दूर कुठल्या शहरातला मोठा माणूसही असेल.

आणखी एक गोष्ट. असा डाव मध्येच थांबवून ठेवता येत नाही. मोठा डाव अर्धा तास चालतो. मधूनच उठलं तर टोळीतल्या बाकीच्यांचं नुकसान होतं. आपण हाक मारतो, पोरगा “आलो, आलो” म्हणतो आणि येत नाही, त्याचं हे एक कारण आहे. म्हणून वेळ मिनिटांत ठरवण्यापेक्षा डावांत ठरवा. “दोन डाव, मग मोबाईल माझ्या हातात.” हे खेळायला बसायच्या आधीच ठरलं पाहिजे. मध्येच हिसकावून घेतला तर भांडणच होणार.

सरकारने बंद केले होते ना?

हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. पबजी मोबाईलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय नावाने भारतासाठी आला. तोही २०२२ मध्ये काढला गेला आणि २०२३ मध्ये परत आला. फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली, पण फ्री फायर मॅक्स चालू राहिला. म्हणजे एक नाव गेलं की दुसरं येतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमचा नवा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्याने बंदी आणली. असे खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा “शंभर लाव, हजार मिळव” म्हणणारा कुठलाही खेळ मुलाने काय, मोठ्यांनीही उघडू नये. पण पैसे न लावता खेळायचे खेळ चालूच आहेत. त्यांचा निर्णय घरातच घ्यावा लागणार.

मग वय किती पाहिजे?

प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खेळाच्या पानावर ३+, ७+, १२+, १६+ किंवा १८+ असं लिहिलेलं असतं. मुलाला तो आकडा दाखवायला लावा. आकडा मुलाच्या वयापेक्षा मोठा असेल तर नाही म्हणायला तेवढं कारण पुरे आहे. मात्र हा आकडा खेळात मारामारी, रक्त, घाण भाषा किती आहे त्यावरून ठरतो. समोरून खेळणारा माणूस मुलाशी काय बोलेल, हे त्यावरून कळत नाही.

बीजीएमआयने १८ वर्षांखालच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त ३ तास अशी मर्यादा ठेवली. पण मुलाने वय खोटं सांगितलं तर? आणि ३ तास ही कंपनीची मर्यादा झाली. शाळा, शेळ्या, पाणी, अभ्यास आणि झोप यांतून आपल्या लेकराकडे ३ तास उरतात का, हे आपण बघायचं.

माझं मत विचाराल तर १३ वर्षं पूर्ण होईपर्यंत अनोळखी माणसांबरोबरचा खेळ नकोच. पण १३ झाली म्हणजे तयार झालं, असंही नाही. अकरा वर्षांची एखादी पोरगी पंधरा वर्षांच्या भावापेक्षा समजूतदार असते.

तुम्हाला हे आधीच येतं

“आम्हाला मोबाईलमधलं काय कळतं?” असं तुम्ही म्हणता. मी उलटं विचारते. काठीच्या राजवाडी होळीला महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेशातून हजारो माणसं येतात. रात्रभर ढोल वाजतात, पहाटे होळी पेटते. त्या गर्दीत तुम्ही लेकराचा हात कधी सोडता? वय मोजून सोडता का? नाही. एखादं आठ वर्षांचं असताना मावशीजवळ थांबतं, एखादं बारा वर्षांचं होऊनही हरवतं. मोलगीच्या बाजारात एकटं कोणाला पाठवायचं, हेही तुम्हाला बरोबर कळतं. ऑनलाइन गेम म्हणजे तशीच गर्दी आहे, फक्त ती मोबाईलच्या आत आहे.

फरक एक आहे. होळीत बुध्या झालेला माणूस चटकन ओळखू येत नाही, पण तो व्रताचा माणूस असतो. त्याचे नेम गावाला ठाऊक असतात, त्याचं घरही ठाऊक असतं. गेममधल्या माणसाचं नाव खोटं, फोटो खोटा, आणि त्याला कसलाच नेम नाही.

पाच गोष्टी बघा

गटात कर्ज देताना आपण नुसता अर्ज बघत नाही, बाईचा व्यवहार बघतो. तसंच इथेही करा. महिनाभर मुलाकडे लक्ष ठेवा.

१. थांब म्हटल्यावर थांबतो का? रोज नाही, पण बहुतेक वेळा?

२. हरल्यावर काय करतो? चिडणं चालेल. लहान भावाला मारणं, वस्तू फेकणं असेल तर अजून थांबा.

३. दुकानात १०० रुपये देऊन पाठवलं तर उरलेले पैसे आणि हिशोब परत आणतो का?

४. अनोळखी माणसाला काय सांगायचं नाही, हे स्वतःच्या शब्दांत सांगू शकतो का? नाव, गाव, शाळा, मोबाईल नंबर, फोटो आणि ओटीपी, या सहा गोष्टी.

५. चूक झाली तर येऊन सांगतो का?

माझ्या अनुभवाने पाचवी गोष्ट सगळ्यांत मोठी आहे. आणि ती निम्मी आपल्या हातात आहे. मागच्या वेळी मडकं फुटलं तेव्हा खरं सांगितल्यावर त्याने मार खाल्ला असेल, तर मोबाईलमधलं तो कशाला सांगेल? मूल तयार आहे का, हे बघताना आपलं घर ऐकून घ्यायला तयार आहे का, हेही बघू या.

आधी लहान कर्ज, मग मोठं

नवीन सभासदाला आपण पहिल्याच महिन्यात ५०,००० देत नाही. आधी थोडे देतो, परतफेड बघतो, मग वाढवतो. खेळाचंही तसंच करा.

पहिला टप्पा: नेट बंद करून खेळायचे खेळ. नाहीतर एकाच मोबाईलवर घरातल्यांसोबत लुडो. ठरलेल्या वेळेला मोबाईल परत देतो का बघा.

दुसरा टप्पा: ओळखीच्या मित्रांसोबतच खेळ, माईक बंद. दिवसाला दोन डाव, तेही ओट्यावर, मोठं माणूस दिसेल अशा जागी. आपल्याकडे घरात रेंज नसते, मुलं टेकडीवरच जातात, हे मला माहीत आहे. मग कोण कोण सोबत आहे आणि अंधाराआधी परत यायचं, एवढं पक्कं ठरवा. आठवड्यातून एकदा तुम्हीही टेकडीवर चक्कर मारा.

तिसरा टप्पा: दोन्ही टप्पे नीट पार पडले आणि वय बसत असेल, तर बाकीच्यांबरोबर. नियम मोडला तर एक टप्पा मागे. कायमचं बंद नाही, एक टप्पा मागे. हप्ता चुकला म्हणून आपण बाईला गटातून काढत नाही ना!

मुलीच्या बाबतीत एक विनंती. “पोरीला मोबाईलच नको” म्हणून प्रश्न सुटत नाही. तिला मोबाईल वापरायचं उद्या काम पडणारच. तिच्यासाठीही हेच टप्पे ठेवा.

पैशाची चावी आपल्याकडे

यूपीआयचा पिन म्हणजे घराची चावी. चार किंवा सहा आकडे असतात. नोटा मोजणाऱ्या बाईला सहा आकडे शिकायला एक बैठक पुरते. आपल्या गटात ज्या तायांचा पिन मुलं दाबतात, त्यांनी या महिन्यात पिन बदलावा आणि स्वतः दाबायला शिकावं. मी सोबत बसेन.

ज्या मोबाईलवर बँकेचे व्यवहार होतात तो खेळायला देऊ नका. घरात एकच मोबाईल असेल तर पैशाच्या अ‍ॅपला वेगळं लॉक लावा. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय आहे, ती चालू करा. मुलाने खेळातलं काही प्ले स्टोअरमधून विकत घेतलंच तर ४८ तासांच्या आत परताव्याची मागणी करता येते. मिळेलच असं नाही, पण लगेच करा. कोणी फसवून पैसे घेतले तर त्याच क्षणी १९३० ला फोन लावा. आपल्या ताईने तीन आठवड्यांनी लावला, तोवर उशीर झाला होता.

कोणी मुलाकडे फोटो मागितला, घाणेरडं बोललं, भेटायला बोलावलं, तर १०९८ ही मुलांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे.

आई-बाप बाहेरगावी असतात तेव्हा

ऊसतोडीला, कामाला गुजरातेत गेलेल्या घरांत मोबाईल हाच आईचा आवाज असतो. तो काढून घेता येत नाही आणि आजीला गेम कळत नाही. अशा वेळी जायच्या आधी मुलासमोरच आजीला नियम सांगा. गटातली एखादी ताई निवडा आणि मुलाला सांगा, “काही झालं तर हिला सांग, ही रागावणार नाही.” रोजच्या फोनमध्ये “जेवलास का” याच्यासोबत “आज कोणासोबत खेळलास” हेही विचारा.

काळजी कधी करायची?

खूप खेळतो म्हणजे आजारीच, असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने गेमच्या आजाराची नोंद केली आहे, ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. खेळावर ताबा राहत नाही, खाणं-शाळा-माणसं मागे पडतात, नुकसान दिसत असूनही खेळ सुटत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालतं, तेव्हा डॉक्टर तसं म्हणतात. पण मूल झोपत नसेल, शाळा सोडत असेल, तर वर्षभर वाट बघू नका. १४४१६ या टेलिमानस नंबरवर मोफत बोलता येतं.

त्या ताईचं पुढे काय झालं?

पैसे परत आले नाहीत. गटाने हप्त्याला महिन्याची सवलत दिली. पोराने शेंगा निवडायच्या कामातून थोडे पैसे आईला दिले. आता तो ओट्यावर बसून दोन डाव खेळतो. कधी तीनही खेळतो, मग भांडण होतं. पण मागच्या महिन्यात तो आपणहून आईजवळ आला आणि म्हणाला, “आई, एक जण माझा नंबर मागतोय. मी दिला नाही.” ताईने मला हे बैठकीत सांगितलं, तेव्हा मी त्या गटाची सगळ्यांसमोर माफी मागितली.

बैठकीत चर्चा करा

१. आपल्या गटात किती जणींचा पिन मुलं दाबतात? हात वर करा. लाजू नका.

२. तुमच्या मुलाने शेवटची चूक स्वतःहून कधी सांगितली? तेव्हा तुम्ही काय केलं?

३. आपल्या पाड्यातली मुलं रेंजसाठी कुठे बसतात? तिथे आळीपाळीने कोण चक्कर मारेल?

४. दशसूत्रीत शिक्षणाचं सूत्र आहे. मोबाईलचे घरगुती नियम त्या सूत्राखाली ठरावाच्या वहीत लिहायचे का?

जे ठरेल ते पुढच्या बैठकीत मला सांगा. आणि घरी गेल्यावर मुलाला आधी एवढंच म्हणा, “तू काय खेळतोस ते मला दाखव.” एक डाव शेजारी बसून बघा.