बक्षीस मोठं म्हणून ‘मेजर’ नव्हे

प्रश्न : गोल्फमधल्या ‘मेजर’ म्हणजे सर्वांत मोठ्या बक्षिसाच्या स्पर्धा का? पाहायला सुरुवात कुठून करू? – एक वाचक

उत्तर : तसं नाही. पुरुषांच्या मेजर चारच : एप्रिलमध्ये मास्टर्स, मेमध्ये पीजीए चॅम्पियनशिप, जूनमध्ये यूएस ओपन आणि जुलैमध्ये १८६० पासूनची द ओपन. पैसाच निकष असता, तर भरघोस बक्षिसाची प्लेअर्स चॅम्पियनशिपही त्यांत असती. मग हे ठरवलं कुणी? कुणा एका संस्थेनं नव्हे, परंपरेनं. १९३० मध्ये बॉबी जोन्सनं जिंकलेल्या चौकडीत दोन हौशी स्पर्धा होत्या. आजची चौकडी १९६० नंतर गोल्फपटू अर्नोल्ड पामरमुळे रूढ झाली. सुरुवात द ओपनपासून करा. तिचा खेळ आपल्याकडे दुपारी-संध्याकाळी दिसतो. मास्टर्ससाठी मात्र जागरण करावं लागेल. स्पर्धेचे चारही दिवस पाहणं जमत नसेल, तर रविवारची शेवटची फेरी पुरे.