संगणकाचे सुटे भाग : पारख आणि निवड
— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

कला शाखेच्या विद्यार्थिनीने संगणकाच्या सुट्या भागांवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. हा विषय विज्ञान शाखेच्या मित्रांचा, असे मलाही वाटत असे. परंतु २०२४ च्या मे महिन्यात, वळवाच्या पहिल्याच पावसात, आमच्या कुंभिवलीच्या घरातला संगणक जळाला आणि त्याबरोबर आईच्या बचत गटाचा दीड वर्षाचा हिशेब गेला. चौदा बायकांचे पैसे. कोणाचे किती जमा, कोणाचे कर्ज किती फिटले, हे सारे मीच हौसेने त्या यंत्रात लिहून ठेवले होते आणि वहीची सवय मोडली होती. पुढचे तीन आठवडे आई आणि मी घरोघर फिरून पासबुके आणि चिठ्ठ्याचपाट्या गोळा करीत होतो. एका मावशींच्या चारशे रुपयांचा मेळ अजूनही लागलेला नाही. आईने ते पदरचे भरले. तेव्हा हा विषय माझ्यापुरता ऐच्छिक राहिला नाही.

तो संगणक मी अकरावीत असताना जुन्या बाजारातून घेतलेला होता. दुकानदाराने कॅबिनेटला मारलेल्या रंगीत दिव्यांकडे बोट दाखविले आणि आम्ही भुललो. दुरुस्ती करणाऱ्या दादांनी जळालेला डबा उघडून दाखविला, तेव्हा प्रथमच कळले की बिघाडाचे मूळ ज्या भागाकडे आम्ही पाहिलेही नव्हते त्यात आहे. हा भाग म्हणजे पॉवर सप्लाय; दुकानात त्याला एसएमपीएस म्हणतात. भिंतीतून येणारा २३० व्होल्टचा उलटसुलट वाहणारा प्रवाह घेऊन तो १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा एकदिश प्रवाह आतल्या भागांना पुरवितो. दाब एकाएकी वाढला तर स्वतः बंद पडून पुढच्यांना वाचविणे, हेही त्याचेच काम. स्वस्त मालात नेमके हे संरक्षणाचे भाग गाळलेले असतात. आमचा डबा मेला तो मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क यांना घेऊनच मेला.

त्या डब्यावर मोठ्या अक्षरात ४५० वॅट असे छापले होते. परंतु कडेच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या तारेसमोर १८ अँपिअर असा आकडा होता. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, हे आपण शाळेत शिकलो आहोत. १२ गुणिले १८ म्हणजे २१६. आजच्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ही दोन्ही खादाड मंडळी १२ व्होल्टवरच जगतात; म्हणजे ४५० चा डबा प्रत्यक्षात निम्म्याहूनही कमी कामाचा. चांगल्या ५५० वॅटच्या डब्यावर याच तारेसमोर ४५ अँपिअरच्या आसपास आकडा असतो, म्हणजे ५४० वॅट. ही एक गुणाकाराची पारख ज्याला आली, त्याचे निम्मे नुकसान टळले असे मी म्हणेन.

दुसरी खूण ८० प्लस या शिक्क्याची. ही पद्धत २००४ पासून सुरू आहे. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती वीज प्रत्यक्ष कामी येते, हे त्यावरून कळते. आतल्या भागांना २०० वॅट हवे असतील तर ८५ टक्के कार्यक्षमतेचा डबा भिंतीतून २३५ वॅट ओढतो, ७० टक्क्यांचा २८६. मधली वीज उष्णता होऊन जाते आणि बिलात दिसते.

भागांची निवड हा काही केवळ हौशी मंडळींचा खेळ नव्हे. आपल्या देशात संगणक घडविण्याची सुरुवातच सुटे भाग जुळविण्यापासून झाली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या संगणकात २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. पंडित नेहरूंनी १९६२ साली त्याचे टिफ्रॅक असे नाव ठेवले. त्याची स्मृती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे हिशेबाने १० किलोबाइट. आज माझ्या टेबलाखालच्या यंत्रात १६ गिगाबाइट आहे, सोळा लाख पटींहून अधिक, आणि मी त्यावर बचत गटाची बेरीज करते!

त्याहून बोधप्रद उदाहरण पुण्याचे. हवा तो क्रे महासंगणक देण्यास अमेरिकेने नकार दिल्यावर १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. तिचे प्रमुख डॉ. विजय भटकर मूळचे अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे. एकच अतिबलाढ्य प्रोसेसर मिळत नाही, तर बाजारात मिळणारे साधे प्रोसेसर अनेक घ्यावेत आणि त्यांना एकमेकांशी बोलते करावे, असा मार्ग त्यांच्या चमूने धरला. इंग्लंडमधील इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर जुळवून १९९१ साली परम ८००० उभा राहिला. काय मिळते आणि आपले काम कोणते, या दोन प्रश्नांची सांगड त्यांनी घातली. खरेदीला निघताना मी वहीच्या पहिल्या पानावर हेच दोन प्रश्न लिहिले होते.

खरेदी मुंबईत लॅमिंग्टन रोडला केली. खोपोलीहून लोकलने दादर, तेथून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड आणि पुढे पायी. रस्त्याचे आताचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॅमिंग्टनचे नाव मात्र लोकांच्या तोंडून जात नाही. धाकटा भाऊ बरोबर होता. त्या गर्दीत एक गोष्ट लक्षात आली : यादी हातात नसेल तर दुकानदार आपली यादी करतो. तीन दुकानांत तीच यादी दाखवून भाव घ्यावा, पक्के बिल घ्यावे आणि त्यावर प्रत्येक भागाचा क्रमांक लिहून घ्यावा. वॉरंटी मागायला पुन्हा तेवढाच प्रवास आहे, हे आपल्यासारख्यांनी विसरू नये.

प्रोसेसरच्या बाबतीत लोक आय-३, आय-५ एवढेच विचारतात. ते अपुरे आहे. पिढी विचारावी. २०१३ सालचा चौथ्या पिढीचा आय-५ आजही झकपक कॅबिनेटमध्ये घालून विकला जातो. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधी चालत नाही. अशा यंत्रावर लिनक्स उत्तम चालते, पण विकत घेताना हे माहीत असावे. दुसरे, नावाच्या शेवटचे अक्षर पाहावे. इंटेलच्या नावापुढे एफ असेल तर आत चित्र दाखविण्याची सोय नाही. वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावेच लागते. दोन हजार वाचले म्हणून आनंदाने घरी यावे आणि पडदा काळाच राहावा, असे होते. एएमडीच्या ५००० मालिकेत उलट : जी अक्षर असेल तरच चित्र. आम्ही रायझन ५ ५६००जी घेतला. तो २०२१ चा आहे, त्याची एएम-४ बैठक जुनी झाली आहे आणि पुढे वाढीला फारसा वाव नाही, हे मान्य. परंतु २०२२ च्या एएम-५ बैठकीला डीडीआर-५ स्मृतीच लागते आणि मदरबोर्डही महाग पडत होता. आमच्या कामाला सहा कोअर पुष्कळ.

रॅम १६ गिगाबाइटची एक पट्टी घेण्याऐवजी ८ च्या दोन घेतल्या. डीडीआर-४ ची ३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ गिगाबाइट माहिती वाहते. दोन पट्ट्या दोन वाटांनी मिळून ५१.२. प्रोसेसरमधलेच ग्राफिक्स वापरायचे असेल तेथे हा फरक डोळ्यांना दिसतो, कारण ते याच रॅममधून खाते. आम्ही खरेदी केली ती २०२५ च्या गणपतीपूर्वी. त्याच वर्षाच्या अखेरीस जगभर रॅमचे भाव भडकले. यात आमचे शहाणपण काहीच नाही, नशीबच म्हणायचे.

डिस्कविषयी थोडक्यात. जुनी हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद, हवी ती माहिती सुईखाली येण्याची वाट पाहण्यातच वेळ जातो. एसएसडीत फिरणारे काही नाही. सुस्त जुन्या संगणकात हा एकच भाग बदलला तरी तो पुन्हा तरतरीत होतो. मात्र ५६००जी हा पीसीआय एक्स्प्रेसच्या तिसऱ्या पिढीचाच आहे, त्यामुळे चौथ्या पिढीच्या वेगाचे जादा पैसे देण्यात आम्हाला अर्थ नव्हता. आणि ५०० गिगाबाइटची डिस्क पडद्यावर ४६५ दाखविते ही फसवणूक नाही : कंपनी हजाराने मोजते, विंडोज १,०२४ ने.

ग्राफिक्स कार्डावरून भावाचे आणि माझे जुंपले. त्याला खेळ खेळायचे होते. तो परीक्षणे वाचून सेकंदाला किती चित्रे हे आकडे तोंडपाठ म्हणे. ही परीक्षणे मीही वाचली, आणि वाचण्याची रीत सापडली ती आमच्या निकालपत्रकावरून. एकाला ८५ आणि दुसऱ्याला ३५ गुण असले तरी सरासरी ६० येते. सरासरी ६० चित्रांचे कार्ड मध्येच अडखळत असेल तर खेळाचा विचका होतो. म्हणून सर्वांत संथ एक टक्का चित्रांचा वेग वेगळा दिलेला असतो, तो आधी पाहावा. पडदा ६० हर्ट्झचा असेल तर सेकंदाला ६० हून अधिक चित्रे तो दाखवूच शकत नाही. शिवाय परीक्षक बहुधा सर्वांत महाग प्रोसेसर जोडून कार्ड तपासतात. आपल्या घरी जोडी वेगळी. नांगराला एक बैल ताकदीचा आणि एक मठ्ठ जुंपला तर तास मठ्ठ बैलाच्या चालीने निघते, हे बाबांनी ऐकल्याबरोबर ओळखले. भावाला माझ्यापेक्षा बाबांचे पटले.

शेवटी आपल्या भागाची हवा आणि वीज. परदेशी परीक्षणांत याचा शब्द नाही. खालापूर-कर्जतकडे वळवाच्या विजा आणि पुढे चार महिन्यांचा पाऊस. आमच्या घरच्या तीन छिद्रांच्या प्लगमागे अर्थिंगची तारच जोडलेली नव्हती! वायरमनकडून ती आधी करून घेतली. यूपीएस ६०० व्हीएचा, म्हणजे सुमारे ३६० वॅटचा; वीज गेल्यावर काम चालू ठेवण्यासाठी नव्हे, तर काम साठवून यंत्र नीट बंद करण्यासाठी. ढग गडगडले की प्लग काढायचा आणि नेटची तारही, कारण तांब्याच्या तारेतूनही झटका येतो. पावसाळ्यात रोज थोडा वेळ यंत्र चालू ठेवायचे म्हणजे आतली ओल सुकते. मागच्या बाजूची उघडी फट पत्र्याने बंद करायची, नाहीतर ऊब शोधत पाल आत शिरते. हे हसण्यावारी नेऊ नये.

सारे मिळून ३४,२०० रुपये झाले. पडदा आणि कळफलक जुनेच. यातले चार हजार एसएमपीएसला गेले, तेव्हा भाऊ परतीच्या गाडीत दादरपासून कर्जतपर्यंत बोलला नाही. ग्राफिक्स कार्डाची खाच मदरबोर्डावर मोकळी ठेवली आहे आणि डबा त्याला पुरेल एवढा आहे. तो कॉलेजात गेला की पाहू. बचत गटाचा हिशेब आता दर शनिवारी पेन ड्राइव्हवर उतरवून घेते. आई मात्र वहीही लिहिते, आणि महिन्याच्या शेवटी दोन्ही बेरजा जुळल्याखेरीज मला उठू देत नाही.